ब्यूटाइल टेप: कॅम्परच्या कोपऱ्यांसाठी घ्याच, पण आधी सडकं लाकूड काढा

ब्यूटाइल टेप म्हणजे फटी बुजवायची चिकट, रबरासारखी पट्टी. आधीच सांगते, या टेपने कुजलेलं लाकूड सुधारत नाही. ते कापूनच काढावं लागतं. नव्या लाकडाला पुन्हा पाणी लागू नये, एवढंच टेपचं काम, आणि ते ती चोख करते.

आमचा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर (कॅम्परच तो), नव्वदच्या दशकातला, मिशिगनच्या बर्फात उघड्यावर उभा असतो. बाहेरून ॲल्युमिनियमचा पन्हाळी पत्रा, आत दीड-दीड इंची पाइनच्या पट्ट्यांचा सांगाडा, मधे थंडी अडवायला फायबरग्लासचा कापूस आणि आतून पातळ लुआन प्लायवूड. मागच्या कोपऱ्याची ॲल्युमिनियमची पट्टी काढायला घेतली तर स्क्रू बोटांनीच फिरायला लागले. धरून ठेवायला आत लाकूड होतंच कुठे! चिमटीत घेतलं की भुगा. पट्टीखाली फट बुजवायला लावलेली मूळची पुटी वाळून कडक झाली होती, नखाने तिचे टवके निघत होते. पाणी तिथूनच शिरतं, पत्र्याआडून खाली उतरतं आणि तळाच्या पट्टीत मुरतं. आतल्या भिंतीवर डाग दिसेपर्यंत खालचं सगळं गेलेलं असतं.

ब्यूटाइल पुटीसारखं वाळत नाही, वर्षानुवर्षं मऊ राहतं. पैसे त्याचेच द्यायचे. मी करड्या रंगाचा, एक इंच रुंद, अष्टमांश इंच जाड रोल घेतला. साध्या पुटी टेपपेक्षा महाग आहे, पण पत्रा उचकटून दोन पट्ट्या बदलण्यात किती जीव जातो ते बघता हे पैसे काहीच नाहीत.

लावण्याआधी जुना चिकटा मिनरल स्पिरिटने (रंग पातळ करायचं द्रावण) पुसून काढा. आधीच्या मालकाने आमच्या कोपऱ्यावर सढळ हाताने सिलिकोन फासलं होतं, ते खरवडण्यातच अख्खी दुपार गेली. सिलिकोनचा अंश राहिला तर त्यावर पुढे काही धड चिकटत नाही. स्क्रू एकदम आवळू नका. थोडे थोडे आवळत जा, दुसऱ्या दिवशी पुन्हा एक फेरी मारा. कडेने बाहेर आलेलं ब्यूटाइल प्लॅस्टिकच्या पातीने कापा, लोखंडी पातीने रंगावर ओरखडे पडतात.

आता तक्रार. उन्हात पाठीचा कागद काही केल्या सुटत नाही, आणि ओढलं की पाकासारखी तार धरते. रोल थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवला तर कागद बरा निघतो (ह्यांनी तो चीज समजून बाहेर काढला, ते सोडा). हाताला लागलेलं साबणाने जात नाही, खाद्यतेल चोळावं लागतं.

छताच्या कडेला नुसत्या टेपवर विसंबू नका, तिथे वरून लॅप सीलंट, म्हणजे छताच्या सांध्यांवर घालायचं दाट सीलंट, हवंच. खिडक्यांच्या चौकटींना मात्र हीच टेप पुरते. त्यासाठी अजून दोन रोल मागवलेत.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या कागदापायी कापला.