दांडीवाला वजनकाटा आणि आमच्या बंड्याचे १२ ग्रॅम

पक्ष्यांसाठीचा छोटा डिजिटल वजनकाटा वापरायला लागून मला १४ महिने झाले. ताटलीच्या जागी वर बसायला आडवी दांडी आहे, एकेक ग्रॅम मोजतो आणि जास्तीत जास्त ३ किलो तोलतो. घेतला तेव्हा घरात सगळ्यांनी विचारलं, एवढ्याशा पाखराचं वजन करून काय करणार? आज घरात तो प्रश्न कुणी विचारत नाही. ज्यांच्याकडे पोपट आहे आणि तो अचानक बदलल्यासारखा वाटतोय, त्यांच्यासाठी मुद्दाम सविस्तर लिहितेय.

बंड्या आमचा कॉकटील, म्हणजे तुरेवाला छोटा पोपट. राखाडी अंग, पिवळं डोकं, गालावर नारिंगी ठिपके. वय ६ वर्षं. सकाळी पिंजऱ्यावरचं कापड काढलं की तो आधी एका बाजूचा पंख आणि पाय ताणतो, मग दुसऱ्या बाजूचा, आणि मग शीळ घालतो. तीन सूर, त्यातला तिसरा चढा. शीळ झाली की डोकं खाली घालून गजाला टेकवून उभा राहतो, म्हणजे आता मान खाजवा. सहा वर्षांत हा क्रम चुकलेला मला आठवत नाही.

एका मंगळवारी कापड काढलं तर शीळ नाही. तुरा मागे चपट बसलेला. बोट पुढे केलं तर फिस्स करून अंगावर आला आणि इतक्या जोरात चावला की रक्त आलं. मी हात मागे घेतला आणि तशीच उभी राहिले. हा आपलाच बंड्या का, असं वाटलं.

मग घरात कारणं निघायला लागली. मुलगी म्हणाली, आपण दोन दिवस बाहेरगावी गेलो म्हणून रुसलाय. हे म्हणाले, वयात आलेल्या नराचं असंच असतं. मला वाटलं, नवा पडदा लावलाय, त्याला बिचकत असेल. यातलं एकही कारण अगदीच चुकीचं नव्हतं. पोपटाची जात नव्या वस्तूला खरोखरच घाबरते. पडदा, चष्मा, टोपी, नखाला लावलेला रंग, काहीही पुरतं. पिसं गळून नवी येत असली की त्या कोवळ्या कोंबांना हात लागलेला दुखतो, तेव्हाही चावतात. त्यामुळे आमच्या तिघांची तीन कारणं झाली, आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटत होतं. दोन दिवस असे गेले. ते दोन दिवस मला अजून टोचतात.

त्यात खाण्याच्या भांड्यानं आम्हाला फसवलं. भांडं भरलेलं दिसायचं, वर टरफलांचा थर, म्हणजे खातोय, असं आम्ही धरून चाललो. गुरुवारी मी भांडं हातात घेऊन टरफलं फुंकली. खाली दाणे जसेच्या तसे होते, सोललेले, पांढरे. तो दाणा चोचीत धरत होता, सोलत होता आणि गिळायचं सोडून खाली टाकत होता. ते दाणे तळहातावर घेतले आणि पोटात गोळाच आला.

तेव्हा कपाटातून काटा काढला. घेतल्यावर महिनाभर मी नेमानं वजन करून वहीत लिहिलं होतं, मग कामाच्या गडबडीत २० दिवस राहून गेलं होतं. वहीतला शेवटचा आकडा ९६. त्या दिवशी काट्यावर ८४ आले. वाटलं, काटा हलला असेल. उतरवला, शून्य केलं, परत बसवला. पुन्हा ८४.

१२ ग्रॅम म्हणजे काय ते चटकन कळत नाही. ९६ तले १२ गेले म्हणजे साडेबारा टक्के. ६० किलोच्या माणसाचे तीन आठवड्यांत साडेसात किलो उतरावेत, तसं ते झालं. पक्ष्याचं वजन १० टक्क्यांनी उतरलं तर वाट बघत बसू नये. आणि बंड्या दिसायला कसा होता? गुबगुबीत! आजारी पक्षी पिसं फुलवून बसतो, त्यामुळे तो उलट जाडजूड दिसतो. छातीच्या मधल्या हाडावर बोट फिरवलं की मगच समजतं. त्याचं हाड सुरीच्या पाठीसारखं हाताला लागलं, दोन्हीकडचं मांस बसलेलं. जंगलात जो पक्षी दुबळा दिसतो तो आधी शिकार होतो, म्हणून शेवटपर्यंत धडधाकट असल्याचं दाखवत राहणं हे त्यांच्या रक्तातच आहे. पाळलेल्या पोपटाचंही तेच.

पक्ष्यांच्या डॉक्टरांना फोनवर "तो चिडचिडा झालाय" असं सांगितलं असतं तर काय झालं असतं, माहीत नाही. मी म्हणाले, २० दिवसांत ९६ वरून ८४. त्यांनी पुढचं वाक्य ऐकलंच नाही. म्हणाल्या, आत्ता निघा.

एक्स-रेत पोटाच्या पेषणीत, म्हणजे दाणे दळले जातात त्या पिशवीत, पांढरेशुभ्र बारीक ठिपके दिसले. धातूचे कण. रक्त तपासल्यावर जस्त निघालं. घरी येऊन पिंजरा शोधला तर एका खेळण्याचा चकचकीत हूक सापडला. खेळणं टांगायचा तो हूक त्यानं महिनोन्महिने कुरतडला होता आणि वरचा मुलामा जागोजागी खरवडून निघाला होता. मी रोज तो पिंजरा पुसत होते, तरी माझं लक्ष गेलं नव्हतं. जस्त आणि शिसं दोन्ही पोपटाला विषासारखी. तेव्हापासून पिंजऱ्यात स्टेनलेस स्टीलशिवाय दुसरा धातू नाही.

पाच दिवस सकाळ-संध्याकाळ इंजेक्शनं झाली. त्या औषधाला धातू चिकटतो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. या दिवसांत काट्यानं जो आधार दिला तो मी शब्दांत सांगू शकत नाही. पाखरू बोलत नाही, डोळे मिटून बसलेलं असतं, आपण नुसतं बघत राहायचं. पण रोज सकाळी एक आकडा मिळायचा. ८४, ८३, परत ८३, मग ८५. त्या ८५ ला मुलगी वही हातात घेऊन रडली. शीळ परत आली ती ८९ वर, तीही दोनच सूर. तिसरा चढा सूर आणखी आठवड्याने आला. ९५ व्हायला पाच आठवडे लागले. इंजेक्शनांमुळे हाताची जी भीती बसली ती जायला त्याहून जास्त वेळ लागला, पण तिचं कारण आम्हाला ठाऊक होतं, म्हणून आम्ही घाई केली नाही.

आता काट्याबद्दल.

आकडा लवकर स्थिरावतो. पक्षी हलला तरी जो आकडा बसेल तो धरून ठेवायचं बटण आहे, ते फार कामाचं. पंख फडफडवले की आकडे सैरभैर होतात, पण दोन सेकंद शांत बसला तरी पुरतं. शून्य करायचं बटण वेगळं आहे, त्यामुळे लहान पक्षी छोट्या डब्यात घालूनही तोलता येतो. आमच्या ओळखीतल्या एका बजीला (बजी म्हणजे कॉकटीलहूनही लहान पोपट), जो दांडीवर बसतच नाही, तसाच तोलतो. त्याच्यासारख्या ३०-४० ग्रॅमच्या पक्ष्याला एकेका ग्रॅमचा फरक मोलाचा, म्हणून ५ ग्रॅमच्या पायरीनं मोजणारा स्वयंपाकघरातला काटा त्याला चालणार नाही. आफ्रिकन ग्रेसारखा ४००-५०० ग्रॅमचा पक्षी असेल तर ही दांडी अपुरी पडेल, पायाच्या पकडीला बारीक आहे.

तक्रारी आहेत. दांडी गुळगुळीत प्लास्टिकची आहे. पहिल्याच दिवशी बंड्याचा पाय सटकला, आणि नंतर चार दिवस तो काटा दिसला तरी तुरा उभारून मागे सरकायचा. मी दांडीला सुती दोरी घट्ट गुंडाळली, तेव्हा जमलं. दुसरी तक्रार आवाजाची. चालू करताना मोठ्यानं पिक्क होतं आणि तो आवाज बंद करायची सोय नाही. पक्ष्यांसाठी म्हणून विकायच्या वस्तूत हा आवाज ठेवायला नको होता. मी आता काटा दुसऱ्या खोलीतून चालू करूनच आणते. तिसरी, दीड मिनिटात आपोआप बंद होतो. नवशिक्या पक्ष्याला दांडीवर यायला तेवढा वेळ लागतोच, आणि तो बसतो ना बसतो तोच स्क्रीन विझते.

तो सटकल्यानंतर नव्यानं सवय लावताना मी घाई केली नाही. काटा बंद करून टेबलावर दोन दिवस नुसता ठेवला, मग जवळ त्याचा आवडता दाणा, मग दांडीवर चोच लावली की दाणा, मग पाय ठेवला की दाणा. आठवडा लागला. आता टेबलावर काटा दिसला की स्वतः चढतो. वजन सकाळी करते, रात्रीची मोठी शी झाल्यावर आणि खायच्या आधी. वेळ बदलली की दोन-तीन ग्रॅमचा फरक सहज पडतो, त्यानं घाबरून जाऊ नये. माझी वही रोजची नाही, आठवड्यातून दोनदा. काही वेगळं वाटलं तर रोज.

नंतर एकदा बंड्या पुन्हा बदलला. दिवस मोठे झाले होते. कपाटाखालच्या अंधाऱ्या फटीत शिरून बसायचा, कुणी जवळ गेलं की फिस्स करायचा आणि आरशासमोर मान हलवत दाणे ओकायचा. माझा जीव पुन्हा टांगणीला. पण वही बघितली तर ९६, ९७, ९६, ९७. शी नेहमीसारखी, खाणं व्यवस्थित. तेव्हा यांचं म्हणणं खरं होतं, हा नर घरट्याच्या मागे लागला होता. डॉक्टरांना विचारून आरसा काढला, फट बंद केली, रात्रीचा अंधार पुरता १२ तास केला. मी मायेनं त्याच्या पाठीवरून हात फिरवायचे, तेही थांबवलं. पाठीवरचा हात त्याला जोडीदाराचा वाटतो. खाजवायचं ते डोकं आणि मान. तीन आठवड्यांत निवळला. दोन्ही वेळी फिस्स तेच होतं, चावणं तेच होतं. फरक मला वहीनं दाखवला.

काटा सगळं सांगत नाही, हेही लिहायलाच हवं. कॉकटील रात्री अंधारात दचकून पिंजऱ्यात आपटतात आणि दुसऱ्या दिवशी भेदरलेले असतात, ते वजनात दिसत नाही. मादीचं वजन अंडं घालायच्या आधी वाढतं, तेव्हा वाढलेला आकडा बघून निर्धास्त राहू नये. आणि पक्षी चोच उघडी ठेवून श्वास घेत असेल, श्वासागणिक शेपटी वरखाली होत असेल किंवा पिंजऱ्याच्या तळाला बसून असेल, तर काट्याच्या नादी लागू नका. सरळ डॉक्टरांकडे न्या. फार तापलेल्या नॉनस्टिक भांड्याची वाफ तर मिनिटांत जीव घेते, तिथे वजन करायलाही सवड मिळत नाही.

पाचात किती गुण देऊ? कामाला पाच. दांडीचा एक आणि त्या पिक्कचा अर्धा कापते, म्हणून साडेतीन. तरी हा बिघडला तर त्याच दिवशी दुसरा घेईन, आणि तो येईपर्यंत वापरायला डॉक्टरांकडचा मागून आणेन.

आज सकाळचा आकडा ९७. वजन करून झालं तरी बंड्या उतरेना, स्क्रीन विझली तरी दांडीवरच बसून राहिला, डोकं खाली घालून. मग त्याची मान खाजवली.