काडी मोडली, ताट फुटलं, दोरी तुटली: ‘कट अँड ब्रेक’ क्लिप्सचा रिव्ह्यू

नेदरलँड्समध्ये नायमेखेनला मॅक्स प्लांकची मानसभाषाविज्ञानाची (म्हणजे भाषा डोक्यात कशी चालते त्याच्या अभ्यासाची) संस्था आहे, तिथल्या लोकांनी २००१ मध्ये हा व्हिडिओंचा संच काढला. ६१ छोट्या क्लिप्स. कोणी काडी मोडतंय, कोणी कापड फाडतंय, कोणी हातोडीने मडकं फोडतंय, कोणी गाजर चिरतंय. आपण बघायचं आणि त्याने काय केलं ते आपल्या भाषेत सांगायचं, बस एवढंच. संस्थेच्या फील्ड मॅन्युअल्सच्या (गावोगावी जाऊन भाषा नोंदवणाऱ्यांसाठीच्या पुस्तिकांच्या) साइटवर आहे, पैसे पडत नाहीत. खरं तर संशोधकांसाठीची वस्तू आहे पण मी घरच्यांना टीव्हीवर लावून दाखवली आणि संध्याकाळ मस्त गेली.

सगळ्यात भारी क्लिप म्हणजे गाजरावर कराटेवाला हात मारतात ती. आई म्हणाली मोडलं, काकू म्हणाली तोडलं, दादाचं म्हणणं हाताने का होईना पण कापलंच ना, आणि इंग्लिश मीडियमच्या भाच्याने “कट केलं” म्हणून विषय संपवला (तो सगळ्यालाच कट केलं नाहीतर ब्रेक केलं म्हणतो, त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका). नंतर वाचलं तर कळलं की बाहेरच्या भाषांमध्येही ही क्लिप अशीच कापणं आणि मोडणं यांच्या मधे लटकते. आसिफा मजीद, मेलिसा बावरमन वगैरे संशोधक मंडळींनी २८ भाषांची उत्तरं एकत्र लावून बघितली, त्यात मुख्य फरक निघाला तो असा की वस्तू नेमकी कुठे वेगळी होणार हे आधी सांगता येतं का. सुरी ठेवली तिथेच गाजर कापलं जाणार, हातोडा मारल्यावर मडक्याचे तुकडे कुठून कसे होतील देव जाणे. त्यानंतर फाडणं वेगळं पडतं आणि मग मोडणं आणि फोडणं वेगळं पडतं. आपली मराठी यात अगदी फिट बसते की! कापलं, फाडलं, मोडलं, फोडलं.

पण मराठी त्या २८ मध्ये नाही. हिंदी, पंजाबी, तमिळ आहेत. आमची वहिनी लखनौची, तिला लकड़ी, प्लेट, रस्सी सगळ्याला तोड़ना चालतं (फोड़ना आहे त्यांच्यात, पण ताटासाठी तिला तो आठवतही नाही). आपल्याकडे काडी मोडते, ताट फुटतं, दोरी तुटते, आणि दोरी मोडली म्हणून बघा कोणाला, वेड्यात काढतील. त्यात परत हिंदीत मोड़ना म्हणजे वळवणं, दुमडणं, त्यामुळे लग्नानंतर सुरुवातीला “छत्री मोडली” ऐकून तिला वाटायचं मिटून ठेवली. तमिळमध्ये मात्र काडीला ओडि आणि मडक्याला उडै, म्हणजे या बाबतीत आपलं त्यांच्याशी जास्त जमतं.

लांबच्या भाषा तर अजून वेगळ्या. डच लोकांना सुरीने कापायला एक क्रियापद आणि कात्रीने कापायला दुसरं, आपल्याकडे कातरणं आहे पण शिंपी सोडला तर आता कोण म्हणतं? मेक्सिकोतल्या त्सेल्ताल भाषेत अशी ढीगभर क्रियापदं आहेत, आणि पापुआ न्यू गिनीतल्या रॉसेल बेटावरच्या येली दन्ये भाषेत मोजून तीन, त्यातही वस्तूच्या रेषांच्या (लाकडाला असतात तशा) बाजूने की आडवं हे बघतात, हत्यार कुठलं याच्याशी घेणं नाही.

आता कमी काय वाटलं ते. विळी नाही! सुरी, कात्री, हातोडा, छिन्नी आहे, पण विळीवर भाजी चिरताना हत्यार जागेवर आणि भाजी हलते, ते दाखवलं असतं तर आईने खोवणं वगैरे अजून दहा शब्द काढले असते. आणि दुसरं म्हणजे क्लिपमध्ये फक्त काय झालं ते दिसतं, कधी आणि कोणाचं ते नाही. ताट फुटलं म्हणायला काकूला काही वाटत नाही पण बांगडी फुटली असं ती मेली तरी म्हणणार नाही, बांगडी “वाढवली”च. देवापुढे नारळसुद्धा वाढवायचा, फोडायचा तो चटणीसाठी. आता समोर तुकडे तर सारखेच दिसतात, मग हे व्हिडिओत कुठून येणार? लग्न मोडतं, पेपर फुटतो, शंभराची नोट मोडून आणतात, हेही सगळं बाहेरच राहतं, पण त्याची तक्रार नाही, त्यांचं कामच हाताने होणाऱ्या गोष्टींचं आहे.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला विळीसाठी.

लावणार असाल तर एक करा, आपण स्वतः “हे बघा कापतोय” असं काही बोलू नका, नाहीतर सगळे तोच शब्द धरून बसतात. आणि आधी मोठ्यांना विचारा, पोरांना शेवटी.