वीकफिल्डची व्हॅनिला कस्टर्ड पावडर: उन्हाळाभर घरात असावी अशी

आमच्या सासूबाई अंड्याला शिवत नाहीत आणि उन्हाळा लागला की मुलांना रोज काहीतरी गार, गोड हवं असतं. म्हणून जुळे सोलापुरातल्या आमच्या घरात ही पावडर मार्चपासून मी संपू देत नाही.

पाकिटावर हिरवा ठिपका आहे. आत मुख्यतः मक्याचा स्टार्च, थोडं मीठ, रंग आणि व्हॅनिलाचा स्वाद. साखर नाही, हे मला फार आवडतं. चिकू गोड निघाले तर साखर कमी करता येते. मूळचं कस्टर्ड अंड्याच्या बलकाचं. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं, म्हणून त्याने १८३७ मध्ये अशी बिनअंड्याची पावडर तयार केली. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, “बायकोसाठी केलं, चांगलं केलं.”

मध्यंतरी एका दुकानातून सुटी पावडर आणली होती. रंग भडक, वास डोक्यात जाणारा. तेव्हापासून सुटी आणत नाही.

अर्धा लिटर दुधाला सपाट दोन टेबलस्पून पावडर, फळं घालणार असाल तर एवढी पुरे. ती वाटीभर गार दुधातच कालवायची. गरम दुधात टाकली की वरून लगेच शिजते, आत कोरडी राहते आणि गुठळ्या होतात. उरलेलं दूध साखर घालून उकळलं की गॅस बारीक करा, एका हाताने धार धरा, दुसऱ्याने ढवळत राहा. दाट झालं म्हणून लगेच उतरवू नका. बुडबुडे फुटायला लागल्यावर आणखी दोन मिनिटं शिजू द्या, नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते. अंड्याचं कस्टर्ड असं उकळलं तर फुटतं, इथे ती भीती नाही. पळीच्या पाठीला पातळसा थर धरला की बास. फ्रीजमध्ये ते आणखी आळतं.

फळं मी लक्ष्मी मार्केटमधून आणते: केळी, चिकू, मिळाली तर काळी द्राक्षं. डाळिंब हवंच. आपल्या सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे आणि पिवळ्या कस्टर्डवर ते लाल दाणे काय सुंदर दिसतात! पण दाणे वाढताना वरून घाला, आधी मिसळले तर रंग सुटतो. कच्चा अननस मात्र नको, त्याने दुधातली प्रथिनं तुटतात आणि कस्टर्ड कडू होतं. घालायचाच तर पाकात शिजवून घाला.

मे महिन्यात पारा बेचाळिशीला टेकला की दुधाचा पदार्थ बाहेर टिकत नाही. वाफ गेली की लगेच फ्रीजमध्ये ठेवा आणि वीज जाणार असेल त्या दिवशी करूच नका. उघडलेली पावडर घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत काढा, चमचाही कोरडाच घाला.