पाहुण्या लेखकाचे व्याख्यान की कार्यशाळा?

लेखनवर्गात पाहुणा लेखक बोलवायचे ठरले की व्याख्यान ठेवावे की कार्यशाळा, हा प्रश्न येतोच. व्याख्यानाची आपल्याकडे जुनी सवय आहे. पुण्यातील वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये सुरू केली. दीड तासात शंभर जणांना लेखकाची जडणघडण ऐकता येते; मात्र प्रश्नोत्तरांत बहुधा ‘तुम्हाला सुचते कसे?’ एवढेच विचारले जाते (आणि त्याचे उत्तर कुणाकडेच नसते).

कार्यशाळेत दहा-बारा जणच असावेत आणि कथा आठवडाभर आधी सर्वांना वाटलेल्या असाव्यात. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात १९३६ मध्ये सुरू झालेल्या लेखन कार्यशाळेशी जोडल्या गेलेल्या पद्धतीत, चर्चा चालू असताना कथेचा लेखक गप्प बसतो, आणि आपल्याला स्वच्छ वाटलेला शेवट चौघांनी चार तऱ्हांनी वाचला, हे त्याला तिथेच कळते. एकदा पाहुण्या लेखिकेने माझ्या कथेचा पहिला परिच्छेद पेन्सिलीने आडवा छेदला आणि ‘कथा इथून सुरू होते’ असे म्हणत दुसऱ्यावर बोट ठेवले. ते खुपले, पण पटले. नवख्यांसाठी मी कार्यशाळाच निवडेन. व्याख्यान वर्षारंभी एखादे, तेही सर्वांना खुले ठेवून.