इटालियन ते रशियन सॉफ्टवेअर अनुवाद: काही महिन्यांच्या वापरानंतर

मशीन इटलीचं, गिऱ्हाईक कझाकस्तानचं, स्क्रीनचं सॉफ्टवेअर आमच्याकडे, गोव्यात वेर्ण्याला. स्क्रीनवरचा मजकूर रशियनमध्ये करणाऱ्या अनुवाद एजन्सीचं कंत्राट मात्र आता पुढे चालवायचं नाही. पैसे थेट इटालियन-रशियन जोडीचे घेतले आणि काम केलं इंग्रजीमार्गे.

हे पकडायला सोपं आहे. कीबोर्डवरची कळ इटालियनमध्ये ‘तास्तो’, लायसन्सची ‘क्यावे’. इंग्रजीत दोन्ही ‘की’. रशियनमध्ये पुन्हा वेगळे, ‘क्लाविशा’ आणि ‘क्ल्युच’. फाइलीत ‘एंटर’पुढे ‘क्ल्युच’ आलं, म्हणजे ऑपरेटरने किल्ली दाबायची! कोटेशन मागतानाच असली पाच-सहा वाक्यं चाचणीला द्या. दराचं बोलणं नंतर.

मग प्रोझ या अनुवादकांच्या वेबसाइटवर भाषाजोडी, मातृभाषा रशियन आणि आयटी असं गाळून स्वतंत्र अनुवादक शोधले. दर बघून आधी कपाळाला हात लावला. पण एकक बघा: इटलीत १५०० अक्षरांची ‘कार्तेल्ला’, रशियनांचं पान १८०० अक्षरांचं (मोकळ्या जागा धरून), कुणी शब्दावर घेतो. मोजणी मूळ मजकुराची की अनुवादाची, हेही विचारा. दुरुस्तीचे तास धरले तर एजन्सीच महाग पडते.

इंग्रजीमार्ग वाईटच, असं मात्र आता म्हणणार नाही. इटालियन कंपनीनेच इंग्रजी फाइल आणि स्ट्रिंगगणिक (स्क्रीनवरच्या मजकुराच्या प्रत्येक तुकड्यागणिक) टीप दिली, तर इंग्रजी-रशियन अनुवादक मुबलक मिळतात. दर त्या जोडीचा द्यायचा, एवढंच.

एक्सेल पाठवू नका. इटालियन शीटमध्ये एकवचन-अनेकवचनाचे दोनच रकाने. रशियनला संख्येप्रमाणे तीन रूपं लागतात, तिसरं लिहायला जागाच नसते. पीओ फाइल (सॉफ्टवेअर अनुवादासाठीचीच फाइल) द्या, तिच्या हेडरमध्ये एनप्लुरल्स, म्हणजे वचनरूपांची संख्या, ३ आहे ना बघा, आणि स्क्रीनवर १, २, ५, ११, २१ टाकून तपासा. २१ ला १ चंच रूप येतं, ११ ला ५ चं. इथेच बहुतेक जण आपटतात.

गोव्यात मोरजीला रशियन ढिगाने आहेत, त्यांच्याकडून करून घ्या, हा सल्ला फुकटचा. मेनूकार्ड होईल, अलार्मचे मेसेज नाहीत.

२०२२ पासून पेपॅलची सेवा रशियात बंद, तिथल्या अनेक बँका स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक-संदेश जाळ्याबाहेर. त्यामुळे सर्बियात, कझाकस्तानात किंवा इटलीतच राहणारा रशियन अनुवादक बरा. बिल युरोत चालतं. मधल्या बँकेचं कमिशन कोण भरणार, ते आधी लिहून घ्या.