एपिफोन जॅक कॅसडी बास: काही महिन्यांच्या वापरानंतर

परवडणाऱ्या किमतीतल्या बऱ्याच सिग्नेचर बासमध्ये (नामवंत वादकाच्या नावाने काढलेल्या बास गिटारमध्ये) नेहमीचंच मॉडेल असतं, त्यावर वादकाचा आवडता रंग आणि एक सही. एपिफोन कंपनीच्या जॅक कॅसडी बासमध्ये मात्र वादकाचा हट्ट थेट पिकअपमध्ये (तारांचं कंपन विद्युत संकेतात बदलणाऱ्या भागात) आणि वायरिंगमध्ये उतरला आहे, आणि तो रोज वाजवताना जाणवतो. म्हणून हा अनुभव थोडा सविस्तर.

कॅसडी म्हणजे जेफर्सन एअरप्लेन आणि हॉट टूना या अमेरिकी रॉक बँडचे बासिस्ट. जन्म 1944, वॉशिंग्टन डीसी. गिटारिस्ट जिमी हेंड्रिक्सच्या 1968 च्या ‘इलेक्ट्रिक लेडीलँड’ या अल्बममधल्या ‘वूडू चाइल’ या लांबलचक ट्रॅकवर बास त्यांचाच आहे. बासने फक्त मूळ स्वर धरून ठेवायचा, हे त्यांनी कधी मानलं नाही. ते वरच्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) जाऊन गिटारशी संवाद करतात, मध्येच दोन-तीन तारा एकत्र छेडतात आणि उजवा हात मानेकडून ब्रिजकडे सरकवत रंग बदलतात. साठच्या दशकात ते गिल्ड स्टारफायर ही अर्धपोकळ बास वाजवायचे. तिच्यावर पुढे अलेम्बिक नावाने ओळखल्या गेलेल्या मंडळींनी लो-इम्पिडन्स (कमी विद्युत रोधाचं) इलेक्ट्रॉनिक्स बसवलं होतं. नंतर त्यांना गिब्सनची सत्तरच्या दशकातली लेस पॉल सिग्नेचर बास सापडली. पोकळ धड, पण स्केल (तारेची वाजती लांबी) पूर्ण. धड आवडलं, पिकअपमध्ये सुधारणा हवी होती. त्या आग्रहातून 1997 मध्ये एपिफोनची ही बास आली.

बांधणी अशी: थर चिकटवलेल्या मेपलचं पोकळ धड, दोन एफ-होल (इंग्रजी f च्या आकाराची छिद्रं), महॉगनीची चिकटवलेली मान, 20 फ्रेट आणि एकच हंबकर (दोन गुंडाळ्यांचा पिकअप). व्हॉल्यूम, टोन आणि तीन जागांचा फिरता स्विच. स्विचवर 50, 250 आणि 500 हे आकडे. या वाद्याचा जीव त्या स्विचमध्ये आहे.

नेहमीच्या पिकअपवर तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. वेढे वाढले की आउटपुट वाढतं, पण वरच्या फ्रीक्वेन्सी दबतात, आणि लांब केबल जोडली की आणखी दबतात. लो-इम्पिडन्स पिकअपवर वेढे कमी, त्यामुळे स्वर स्वच्छ पण आवाज बारीक. तो वाढवायला धडात एक छोटा ट्रान्सफॉर्मर बसवला आहे आणि स्विच त्याचे वेगवेगळे टॅप (जोडणीच्या जागा) निवडतो. बॅटरी कुठेच नाही. 50 वर आवाज सर्वांत कमी आणि सर्वांत उघडा, बोटाचं टोक तारेवरून सुटलेलंही ऐकू येतं. 250 वर मधला भाग भरतो. 500 वर आउटपुट दणदणीत आणि ट्यूब ॲम्पला थोडं कुरकुरायला लावण्याइतकं.

रेकॉर्डिंगला 50 ठेवून थेट डीआयमध्ये (ॲम्पशिवाय बास मिक्सरला जोडणाऱ्या पेटीत) जाणं सर्वांत चांगलं. प्रीॲम्पचा गेन (सिग्नलची वाढ) मोकळ्या हाताने वाढवावा लागतो, म्हणून गेन वाढवल्यावर सूं-सूं करणारा स्वस्त इंटरफेस इथे उघडा पडतो. बँडबरोबर, विशेषतः दोन गिटार असतील तर, 250. 500 वर 6 मीटरपेक्षा लांब केबल लावली की धार कमी झालेली स्पष्ट कळते, तिथे 3 मीटरची केबल बरी. गाणं चालू असताना स्विच फिरवू नये. आवाजाच्या पातळीत मोठी उडी पडते आणि साउंडवाल्याची सगळी मांडणी विस्कटते.

तारांबद्दल माझं मत ठाम आहे. या बासवर 45-105 जाडीच्या निकेल राउंडवाउंड (गोल तारेने गुंडाळलेल्या) लावाव्यात. फ्लॅटवाउंडवर (सपाट पट्टीने गुंडाळलेल्या तारांवर) स्वर गोड आणि लाकडी येतो, हे खरं, पण कॅसडींचा तो गुरगुरणारा मधला पट्टा निम्मा जातो. जॅझ किंवा जुन्या हिंदी गाण्यांसाठीच वापरणार असाल तर फ्लॅट जरूर लावा. अनेक फ्लॅटचा ताण जास्त असतो, तेव्हा मानेचा रिलीफ (किंचित बाक) पुन्हा तपासा.

सेटअपचे आकडे: पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून ठेवणारा चिमटा), शेवटच्या फ्रेटवर बोट आणि आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांत 0.3 मिमी. ट्रस रॉड (मानेचा बाक ठरवणारी आतली सळई) एका वेळी पाव फेरीच फिरवावा, मग पुन्हा सुरात आणून मोजावं. बाराव्या फ्रेटवर ई (सर्वांत जाड) तार 2.4 मिमी, जी (सर्वांत बारीक) तार 2 मिमी. शेवटचा फ्रेट दाबून पिकअपचं अंतर ई खाली 3 आणि जी खाली 2.5 मिमी. मुंबई-कोकणच्या हवेत हे मोजमाप पावसाळा लागल्यावर आणि ऑक्टोबर सरल्यावर पुन्हा करावं लागतं. थरांचं धड फारसं हलत नाही, मान हलते.

ब्रिज ही दुबळी बाजू आहे. तो तीन मोठ्या स्क्रूंवर उभा असतो आणि प्रत्येक तारेची उंची वेगळी करता येत नाही. एक स्क्रू फिरवला की सगळा ब्रिज कलतो, म्हणून आधी तारा सैल करून तिन्ही स्क्रू थोडे थोडे फिरवावेत. ताणाखाली फिरवल्यास स्क्रूचा माथा झिजतो. याच तीन छिद्रांत बसणारे बदली ब्रिज मिळतात, त्यांत प्रत्येक तार स्वतंत्र जुळवता येते. पैसे खर्च करायचे तर आधी इथे करावेत. पिकअपला हात लावू नये.

दुसरी अडचण इलेक्ट्रॉनिक्सपर्यंत पोहोचण्याची. पाठीवर झाकण नाही, सगळं एफ-होलमधून काढावं लागतं. पॉट (व्हॉल्यूम-टोनचा फिरता भाग) काढण्याआधी त्याच्या दांड्याला मजबूत दोरा बांधावा, म्हणजे तो परत छिद्रातून ओढून घेता येतो. केबल लावायच्या जॅकचा नट सैल झाला तर तो नुसता पान्याने आवळू नये. आतला सॉकेट सोबत गोल फिरतो आणि वायर तुटते. सॉकेट आतून धरूनच नट आवळावा.

वजन साधारण 4 किलो, पण धड मोठं. धडाचं वरचं शिंग (मानेकडे निघालेलं टोक) आखूड असल्यामुळे पहिला फ्रेट डाव्या हाताला लांब पडतो. फेंडर कंपनीच्या बासची सवय असलेल्यांना सुरुवातीला हे खटकतं. रुंद, खरबरीत आतल्या बाजूचा पट्टा वापरावा. नेहमीच्या बास बॅगेत हे धड ओढूनताणून बसतं. प्रवास असेल तर हार्ड केस घ्याच, कारण महॉगनीची मागे कललेली हेडस्टॉक (मानेचं खुंट्यांचं टोक) पडल्यावर नटपाशीच (तारा टेकणाऱ्या पट्टीपाशीच) तुटते.

मोठ्या आवाजात ॲम्पच्या तोंडासमोर उभं राहिलं की खालचे स्वर घुमू लागतात. 40 हर्ट्झखालचं कापलं, ॲम्पच्या बाजूला सरकलं आणि तरीही भागलं नाही तर एफ-होलमध्ये काढता येणारा फोम बसवला, की बहुतेक वेळा काम होतं. मेटलसाठी किंवा जोरदार स्लॅपसाठी (अंगठ्याने तारा ठोकून वाजवण्यासाठी) ही बास घेऊ नये. तिथे सॉलिड धडाची फेंडर नेट मेंडेल प्रिसिजन जास्त कामाची. तिच्यात फू फायटर्स या रॉक बँडच्या या बासिस्टच्या पसंतीचा सेमूर डंकनचा क्वार्टर पाउंड पिकअप आहे, तोही सहीपुरता नाही.

किंमत अमेरिकेत हजार डॉलरच्या आसपास. भारतात आणताना कर आणि वाहतूक धरली की आकडा बराच चढतो, म्हणून जुनी मिळाली तर विचार करण्यासारखी. सुरुवातीच्या बास कोरियात बनल्या, नंतरच्या चीनमध्ये. दोन्हींत चांगल्या-वाईट सापडतात, तेव्हा देशापेक्षा नग बघावा. तिन्ही स्विच जागांवर आवाज आला पाहिजे आणि 50 ते 500 पातळी चढत गेली पाहिजे. एखादी जागा मुकी असेल तर बहुधा स्विच किंवा ट्रान्सफॉर्मरची वायर गेलेली असते. ट्रस रॉडचं झाकण काढून त्याच्या नटाला अजून फिरायला जागा आहे का ते पाहावं, आणि तारा टेकणाऱ्या नटामागे हेडस्टॉकवर उजेड तिरका पाडून जुन्या चिरेची रेघ शोधावी.