आरओ-डीआय म्हणून प्यायचं आरओ पाणी विकलं, मरीन टँक लावणाऱ्यांनी वाचा

मरीन टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या माशांचा टँक, लावायचा विचार असेल तर पाण्याचे पैसे देण्याआधी हे वाचा. माझे पैसे गेले त्यापेक्षा मुलीचा क्लीनर श्रिंप (माशांचं अंग साफ करणारी छोटी कोळंबी) गेला याचं मला जास्त वाईट वाटतंय, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आम्ही पुण्यात वाघोलीला राहतो. सोसायटीत बोअरचं आणि टँकरचं पाणी मिसळून येतं, त्यामुळे मरीनला नळाचं पाणी चालणार नाही एवढं मला आधीपासून माहीत होतं. मरीनला आरओ करून पुढे डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार शोषून घेणारे बारीक दाणे) काढलेलं पाणी लागतं, टीडीएस (एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) मीटरवर शून्य, कारण कॅल्शियम मॅग्नेशियम जे काय लागतं ते समुद्राचं पाणी बनवायच्या तयार सॉल्टमध्ये मोजून घातलेलं असतं, पाण्याने आपलं स्वतःचं काही आणायचं नसतं. माझा टँक ३ बाय दीड बाय दीड फुटाचा, वाळू आणि दगड टाकल्यावर साधारण १६० लिटर पाणी बसतं, म्हणजे २० लिटरचे ८ कॅन. ज्या दुकानातून टँक घेतला तोच म्हणाला सर पाणी पण आमच्याकडे मिळेल, २२० रुपये कॅन, झिरो टीडीएस गॅरंटी. आणि माझ्यासमोर कॅन उघडून मीटर बुडवून दाखवला, ०००. अजून काय पाहिजे माणसाला?

टँक भरला, सॉल्ट मिसळलं, रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं यंत्र) १.०२५ आलं, सहा आठवडे सायकल होऊ दिली, म्हणजे घाण पचवणारे बॅक्टेरिया वाढू दिले, अमोनिया नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्यावरच दोन क्लाऊनफिश, चार गोगलगाई आणि एक क्लीनर श्रिंप आणला. मुलगी शाळेतून आली की दप्तर टाकून आधी श्रिंप बघायची, तिने बोट काचेला लावलं की तो मिशा हलवत पुढे यायचा.

मग हिरवं शेवाळ सुरू झालं. सुरुवातीला तपकिरी थर येतो तो सगळ्यांकडे येतो आणि जातो, पण हे केसांसारखं लांब, दगडावरून उपटलं तरी चार दिवसांत परत. नायट्रेट ४० च्या पुढे. दुकानदार म्हणाला तुम्ही खाणं जास्त टाकताय. खाणं कमी केलं. मग म्हणाला बॅक्टेरियाची बाटली टाका, ९०० रुपये. मग शेवाळाचं औषध दिलं, ६५०. औषध टाकल्यापासून तिसऱ्या दिवशी सकाळी श्रिंप आडवा पडलेला, संध्याकाळपर्यंत दोन गोगलगाई. बाटली उलटी करून नीट वाचली तर मागे बारीक अक्षरात कॉपर सल्फेट. ते गोड्या पाण्याच्या टँकचं औषध होतं, आणि तांबं श्रिंप-गोगलगाईंना अगदी थोडंसुद्धा सोसत नाही, हे मरीन विकणाऱ्या माणसाला माहीत नसेल असं मी मानणार नाही.

एका ओळखीच्या मरीनवाल्याने मला एकच प्रश्न विचारला, पाणी तू स्वतः मोजलंस का? नव्हतं मोजलं. मीटर मागवला, घरात टॉप-अपसाठी (उडून गेलेलं पाणी भरून काढायला) ठेवलेला सीलबंद कॅन उघडला आणि बुडवला तर ८४. मला वाटलं मीटरच खराब असेल. मग मेडिकलमधून इंजेक्शनमध्ये मिसळायच्या पाण्याच्या तीन अँप्यूल आणल्या, धुतलेल्या छोट्या ग्लासात ओतून बघितलं, शून्य. नळाखाली धरला, ६१२. म्हणजे मीटर बरोबर, पाणीच खोटं. नायट्रेटची टेस्ट किट थेट कॅनच्या पाण्यावर केली तर नळीत स्वच्छ नारिंगी रंग आला, १० ते २० च्या मधला.

हे पाणी मी रोज टाकत होतो. टँकमधून दिवसाला दोनेक लिटर पाणी उडून जातं, पण उडतं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. ८४ च्या हिशोबाने रोज साधारण १६८ मिलिग्रॅम, दोन महिन्यांत १० ग्रॅम नको असलेला माल टँकमध्ये, त्यात नायट्रेट, म्हणजे शेवाळाला रोजचं जेवण. आणि एकदा सॉल्ट मिसळलं की टीडीएस मीटरचा काही उपयोग नाही, तिथे आकडा ३५,००० च्या घरात जातो, त्यात ८४ कुठे शोधणार. जे काय मोजायचं ते सॉल्ट टाकायच्या आधीच.

कॅन घेऊन दुकानात गेलो. त्याने पुन्हा आपला मीटर काढला, बुडवला, पुन्हा ०००. मी म्हटलं आता हाच मीटर तुमच्या नळाच्या पाण्यात बुडवा. तो टाळायला लागला तेव्हा मीच त्याच्या हातातून घेतला आणि पाण्याच्या ग्लासात घातला. तिथे पण ०००! मीटरवर होल्डचं बटण असतं ना, रीडिंग गोठवायचं. हवेत धरला की मीटर शून्यच दाखवतो, तेव्हा ते बटण एकदा दाबायचं, मग कशातही बुडवा शून्यच. मी बटण पुन्हा दाबून होल्ड काढला आणि आकडा पळत सुटला. त्यावर तो मला म्हणतो, आरओचंच पाणी आहे सर, माणसं पितात. माणसांना चालतंच हो, प्यायच्या पाण्यात नायट्रेट ४५ पर्यंत चालतं आणि घरच्या आरओत चवीसाठी मुद्दाम क्षार ठेवतात, पण मी प्यायला पाणी घेतलं नव्हतं.

त्याच दिवशी त्याने मला तयार खारं पाणी घ्या म्हणूनही सांगितलं, मिसळायचा त्रास नको. कृपा करून घेऊ नका, ते कशापासून बनवलंय हे मीटरवर कळतच नाही. आता घरी स्वतःचं आरओ आणि पुढे डीआय बसवलंय, रेझिनचा रंग बदलत वर चढला की रेझिन नवीन घालतो. मीटर शून्य दाखवत असला तरी क्लोरामाइन (पाण्यात जंतू मारायला टाकतात ते रसायन) त्याला दिसत नाही, म्हणून कार्बन फिल्टर पण वेळेवर बदलतो.

पैसे मागितले, दिले नाहीत. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला फोन केला तर त्यांनी पहिलं विचारलं बिलावर काय लिहिलंय. माझ्या बिलावर नुसतं "पाणी, ८ कॅन" आहे. तुम्ही घेणार असाल तर बिलावर "आरओ-डीआय, टीडीएस शून्य" लिहून घ्या, आणि लिहून द्यायला तयार नसेल तर तिथूनच परत फिरा.